गावाच्या पाण्याचं बजेट ॲप काढून देतं, पण ते पाळायचं कोणी?

ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांतले तालुकेही होते. मग आला सप्टेंबर २०२५. याच पट्ट्यात इतका पाऊस झाला की नद्या गावांत शिरल्या, उभं पीक पाण्यात गेलं आणि कित्येक शेतांतली मातीच खरडून गेली.

दोन वर्षांत दुष्काळही आणि पूरही. हवामान बदल म्हणजे पुढच्या पिढीचा विषय, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. अशा वेळी गावाने करायचं काय? सरकारी योजनांपासून सामाजिक संस्थांपर्यंत सगळीकडे सध्या एकच उत्तर ऐकू येतं: गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यानुसार पिकं ठरवावीत. हा ताळेबंद आता बऱ्याच अंशी मोबाईल ॲप आणि संगणकावर तयार होतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण हा हिशोब होतो कसा, त्यातले आकडे येतात कुठून आणि हिशोब बरोबर असूनही गावात टँकर का येतो, हे आज समजून घेऊया.

पाण्याचं बजेट म्हणजे नेमकं काय?

समजा, घरात एकच डेटा पॅक आहे आणि पाच जण हॉटस्पॉटवर आहेत. प्रत्येकाला फक्त आपली स्क्रीन दिसते. एकाने रात्रभर सिनेमे डाउनलोड केले, तर सकाळी परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्याचं नेट बंद. जमिनीखालचं पाणी असंच असतं. विहीर तुमच्या शेतात असली तरी तिच्यात येणारं पाणी सगळ्यांच्या खालून येतं.

पाण्याचं बजेट म्हणजे या सामायिक पॅकचा हिशोब. एका बाजूला जमा, म्हणजे पाऊस. दुसऱ्या बाजूला खर्च, म्हणजे माणसं, जनावरं आणि पिकं. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग जनावरांचं, आणि उरेल त्यात रब्बी आणि उन्हाळी पिकं बसवायची.

गणित अवघड नाही. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की होतं १ लिटर पाणी. म्हणजे १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस = १०,००० लिटर. आता १,००० हेक्टर शिवार आणि २,००० लोकवस्तीचं एक गाव धरा. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावावर पडलेलं पाणी होतं ६०० कोटी लिटर.

पिण्याला आणि घरवापराला किती लागतं? जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. २,००० माणसांचं वर्षाचं पाणी होतं सुमारे ४ कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नाही!

मग टँकर का येतो? कारण पावसाचं बरंचसं पाणी वाहून जातं, वाफ होतं किंवा खरिपाच्या पिकांतून आणि गवत-झाडांतून हवेत जातं. थोडंच जमिनीत खोल मुरतं. आणि जे मुरतं, त्यावर पुढचे आठ महिने सगळ्यांचा डोळा असतो.

इथे पिकाचा हिशोब फार महत्त्वाचा ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या ठोकताळ्यानुसार उसाला पूर्ण हंगामात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं, कांद्याला ३५० ते ५५०. आपण उसाला मधला आकडा, म्हणजे २,००० मिलिमीटर धरू. त्यातले ६०० पावसाने दिले असं उदारपणे मानलं, तरी १,४०० मिलिमीटर विहीर, बोअर किंवा कालव्यातून द्यावे लागतात. हेक्टरी १ कोटी ४० लाख लिटर. म्हणजे साधारण सात एकर ऊस आणि २,००० माणसांचं वर्षभराचं घरगुती पाणी, दोन्हींचा खर्च सारखाच. ठिबक केलं तर हा आकडा कमी होतो, पण चित्र उलटं होत नाही.

एक टीप: सरकारी कागदावर ‘टीसीएम’ असं दिसलं तर घाबरू नका. एक टीसीएम म्हणजे एक हजार घनमीटर, सोप्या भाषेत १० लाख लिटर.

ॲपच्या आत काय चालतं?

महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, ज्याला ‘पोकरा’ म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातली पाच हजारांच्या आसपास गावं होती. गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत तयार करायला आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी मदत केली.

अशा प्रणालीला आपण काय देतो? रोजचा पाऊस, मातीचा प्रकार आणि खोली, जमिनीचा उतार आणि कुठे कोणतं पीक आहे हे. ती रोजच्या रोज हिशोब लावते: आज पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत ओल म्हणून राहिलं, किती पिकाने प्यायलं आणि किती खाली मुरलं.

‘रोजच्या रोज’ हा शब्द लक्षात ठेवा. हवामान बदलाचा सगळा झटका तिथेच बसतो.

एक उदाहरण करून बघू. वाहून जाणारं पाणी मोजायची ‘कर्व्ह नंबर’ नावाची जुनी अमेरिकी पद्धत जगभर वापरतात. जमिनीला एक नंबर देतात. नंबर जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहतं. आपण ८० नंबरची शेतजमीन घेऊ. तिच्यावर वेगवेगळ्या पाच दिवशी २०-२० मिलिमीटर पाऊस झाला आणि मधल्या काळात ती सुकत गेली, तर एकूण १०० पैकी जेमतेम ४ मिलिमीटर वाहून जातं. तोच १०० मिलिमीटर पाऊस एका दिवसात कोसळला, तर सुमारे ५० मिलिमीटर वाहून जातं.

पाऊस तेवढाच, जमीन तीच, पण निम्मं पाणी गावाबाहेर. वर जाताना माती घेऊन जातं ते वेगळंच. म्हणून ‘यंदा सरासरीच्या १०० टक्के पाऊस झाला’ या बातमीने निर्धास्त होण्यात अर्थ नाही. तो किती दिवसांत पडला, हे विचारा.

आणि हे दिवस बदलतायत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

त्यात आपली जमीन बघा. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूच्या थरांसारखा मोठा साठा त्यात नसतो. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढीच काय ती टाकी. ती लवकर भरते आणि लवकर रिकामीही होते. एखादं वर्ष पावसाने दगा दिला, की मागच्या वर्षीची शिल्लक फारशी कामाला येत नाही. म्हणून इथे बजेट दर वर्षी नव्याने मांडावं लागतं.

आकडे येतात कुठून?

कोणताही हिशोब आत घातलेल्या आकड्यांइतकाच खरा असतो. सध्या तीन ठिकाणांहून मोठी मदत मिळू शकते आणि तिन्हींच्या मर्यादा माहीत असायला हव्यात.

पाऊस: ‘महावेध’ प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, साधारण एका महसूल मंडळाला एक. पण एका मंडळात बरीच गावं येतात आणि आपला पाऊस कसा पडतो हे तुम्हाला माहीतच आहे. ओढ्याच्या या बाजूला धो धो आणि त्या बाजूला धूळ. केंद्र शेजारच्या गावात असेल, तर तुमच्या गावाचा ताळेबंद शेजारच्या पावसावर चाललेला असतो.

पीक: ‘ई-पीक पाहणी’ १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाईलवरून, शेतात उभं राहून फोटोसह पीक नोंदवतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर येते. बहुतेकांना हे ॲप नुकसानभरपाईपुरतं माहीत आहे. पण गावात कोणत्या पिकाचं किती क्षेत्र आहे, हा पाण्याच्या खर्चाचा आकडाही त्यातच आहे. ज्याने नोंद केली नाही, त्याचं पीक मात्र हिशोबात दिसत नाही. पाणी तर ते पितंच.

साठा: केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचं ‘जलदूत’ ॲप सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. गावातल्या दोन-तीन विहिरींची पाणीपातळी वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून फोटोसह टाकायची, अशी त्याची रचना. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. पण हे सगळं मुख्यतः उघड्या विहिरींचं. दोनशे-तीनशे फूट खाली गेलेल्या बोअरमध्ये काय चाललंय, याचा पत्ता त्यातून नीट लागत नाही. आणि गावात नेमके किती बोअर आहेत, हा आकडा बोअर मारणारे गाडीवालेच बरोबर सांगतील!

म्हणजे पाऊस एका खात्याकडे, पीक दुसऱ्याकडे, विहीर तिसऱ्याकडे. हे तिन्ही आकडे ग्रामसभेत एकाच कागदावर येणं, हे काम कोणत्याही सर्व्हरने आपोआप होत नाही.

हिशोब बरोबर, मग घोडं अडतं कुठे?

समजा, ॲपने सांगितलं की यंदा रब्बीसाठी पाणी कमी आहे आणि उन्हाळी पिकाला तर नाहीच. पुढे काय? आकडा काही मोटरचं बटण बंद करत नाही.

शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. उसाला केंद्राने ठरवलेला एफआरपी आहे आणि तो घ्यायला कारखाना आहे. हरभरा, ज्वारी बाजारात नेली तर काय भाव मिळेल याचा भरवसा नाही. बोअरसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तर भरायचाच आहे. शिवाय मनात एक भीती असते: मी पाणी वाचवलं तर ते शेजाऱ्याचा बोअर ओढणार. मग मीच का थांबायचं? एकेकट्या शेतकऱ्याचा हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण सगळ्यांनी तोच केला की मार्चमध्ये सगळ्यांच्या विहिरी कोरड्या.

धोरणंही परस्परविरोधी दिशांना ओढतात. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. सौर कृषी पंप बसवण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागणाऱ्यांसाठी दिवसाची वीज ही मोठी सुटका आहे, यात वाद नाही. पण पाणी उपसायचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, की उपशाला असलेला तो एक लगामही सुटतो. मग उरतो फक्त गावाने आपापसांत केलेला करार.

कायदा आहे का? आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अमलात आला. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी किंवा बोअरवर बंदी, पाणलोट क्षेत्राच्या समित्या, पाणी बघून पीक योजना, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण गावागावात बोअरच्या गाड्यांची घरघर थांबलेली नाही, हे तुम्हीही बघता.

नुसती कामं करून भागतं का? ‘जलयुक्त शिवार’वर पहिल्या टप्प्यात ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला. २०२० मध्ये कॅगने अहवाल दिला, की तपासलेल्या गावांमध्ये पाण्याची गरज भागवणं आणि भूजल पातळी वाढवणं यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी साठवायला काढलेल्या शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून ते बोअरच्या पाण्याने भरलं, तर ते साठवण राहत नाही. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर आणून एकाच्या नावावर केल्यासारखं होतं, आणि उन्हाने त्याची वाफ होते ती वेगळीच.

थोडक्यात, जमा वाढवायच्या कामाचं उद्घाटन होतं, फोटो येतो, बातमी होते. खर्च आवरायच्या कामाला वाईटपणा घ्यावा लागतो.

जिथे जमलं, तिथे काय वेगळं होतं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथल्या बंधाऱ्यांचं आणि झाडांचं कौतुक बरंच होतं. पण मुद्दा त्यांच्या नियमांचा आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळीसारखी पिकं नाहीत. दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत हिशोब मांडायचा आणि पाऊस कमी असेल तर त्या प्रमाणात रब्बी कमी करायची. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या रणदुल्लाबादने पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेच्या मदतीने आपल्या खालचे खडक आणि पाण्याचे थर समजून घेतले आणि शेतीसाठी बोअर न मारण्याचं ठरवलं.

या गावांत तीन गोष्टी समान दिसतात. मोजमाप सगळ्यांसमोर होतं. निर्णय पेरणीच्या आधी होतो. नियम पुढाऱ्यालाही तोच आणि लहान शेतकऱ्यालाही तोच.

हे मॉडेल कॉपी-पेस्ट मात्र होत नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवारांसारखं नेतृत्व तीन दशकांहून जास्त काळ मिळालं. ज्या गावात दोन गट एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तिथे पहिल्याच वर्षी ऊसबंदीचा ठराव होणार नाही. तिथे सुरुवात मोजण्यापासून करावी लागते, कारण मापावर भांडण कमी होतं. केंद्राच्या ‘अटल भूजल’ योजनेनेही हाच विचार धरला. महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या आठ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींत लोकांनी स्वतः पाणी मोजावं, आकडे जाहीर करावेत आणि जल सुरक्षा आराखडा बनवावा, यावर तिचा भर होता.

अजून एक प्रश्न या आराखड्यांनी टाळून चालणार नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचा या बजेटमध्ये वाटा कोणता? टँकर आला की हंडे घेऊन धावतात त्या बायका, आणि पाण्याच्या बैठकीत बोलतात ते सातबारावाले. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, हा नियम म्हणूनच सगळ्यात पहिला हवा. एखादी विहीर फक्त पिण्यासाठी राखून तिच्या आसपास नवा उपसा होऊ न देणं, ही त्याची व्यवहारातली सुरुवात.

तुमच्या फोनचा इथे काय उपयोग?

खूप. आणि त्यासाठी नवीन ॲप बनवायची गरज नाही.

१. गावाचा स्वतःचा पाऊस मोजा. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला नोंद करा, हवामान खात्याची वेळ हीच आहे. आकडा रोज गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांपेक्षा लोक तो जास्त वाचतील!

२. पाच-सहा विहिरी पकडा. गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, मोटर चालू व्हायच्या आधी टेपने पातळी मोजा. विहिरीच्या मालकाला विचारून आणि दोघं मिळूनच जा, एकट्याने काठावर वाकू नका. आठ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी एक मीटर उतरलं, म्हणजे विहिरीतलं सुमारे ५०,००० लिटर पाणी कमी झालं.

३. सगळं एका गुगल शीटमध्ये ठेवा. शीटची लिंक सगळ्यांना पाहायला खुली ठेवा. पाऊस आणि विहिरीची पातळी यांचा एकच आलेख काढा. तो बघून आजोबाही सांगतील, की कोणत्या महिन्यात काय बिघडलं.

४. पिकांचा अंदाज आधीच घ्या. ई-पीक पाहणीत नोंद राहिलेल्यांना मदत करा. रब्बीत कोण काय पेरणार, याची वस्तीनिहाय यादी सप्टेंबरमध्येच करा.

५. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पकडा. पावसाळ्याचा हिशोब हवामान खातं ३० सप्टेंबरला बंद करतं आणि रब्बीची पेरणी पुढे असते. पाण्याचं बजेट मांडायला याहून चांगला दिवस नाही. फेब्रुवारीत मांडलेलं बजेट म्हणजे पैसे संपल्यावर केलेली खर्चाची वही. तुमच्या ग्रामपंचायतीचा जल आराखडा आधी झाला असेल तर त्याची प्रत मागा आणि त्यातले आकडे तुमच्या शीटशी ताडून बघा.

पहिल्या वर्षी ग्रामसभेत कोणी ऐकणार नाही, हे गृहीत धरा. पण आलेख भिंतीवर लागू द्या. दुसऱ्या वर्षी त्याच विहिरी, तीच तारीख, तोच आलेख. मार्चमध्ये कोणत्या विहिरी आटल्या हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल आणि ते ऑक्टोबरच्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल. त्यानंतरची चर्चा वेगळी होते. तेव्हा ‘उन्हाळी पीक नको’ हे कोणा अधिकाऱ्याचं किंवा विरोधी गटाचं म्हणणं राहत नाही, गावाने स्वतः मोजलेलं असतं.

पुढची वर्षं कधी ऑगस्ट २०२३ सारखी असतील, कधी सप्टेंबर २०२५ सारखी. ढग कधी येणार, हे फोन सांगेल. आलेलं पाणी मे महिन्यापर्यंत कसं पुरवायचं, हे मात्र गावाला चार लोकांत बसूनच ठरवावं लागेल. आणि ती बैठक पेरणीच्या आधीच व्हायला हवी.